केसरबाईंच्या शेजारी बसलेली गाणी: ती बेसूर की माझे कान?

फोंडेकरीण (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय, सांभाळून घ्या.

मी मूळची फोंड्याची, सध्या पुण्यात बीएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला. गाणं शिकते, जयपूर गायकी, म्हणजे शिकायचा प्रयत्न चाललाय. कॉलेजात यंदा सगळ्यांना विषयाबाहेरचा एक प्रोजेक्ट करायचाय, आणि मी मोठ्या हौसेने लिहून दिलं 'जगातल्या संगीतपरंपरा'. सर म्हणाले बरं, पण सुरुवात कुठून करणार? तेव्हा मला सुचलं की १९७७ साली नासाने दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी पाठवली होती, तिच्यात जगभरातले २७ तुकडे आहेत, सगळं मिळून दीड तासाचं संगीत. त्यातला एक आमच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचा, भैरवीतली 'जात कहां हो'. आमच्याकडे ही गोष्ट लहानपणीच कानावर पडते, केसरबाई अंतराळात गेल्या म्हणून. पण तिथे त्यांच्या शेजारी कोण कोण बसलंय ते मात्र कुणी ऐकलेलं नसतं, मीही नव्हतं. म्हटलं तेच ऐकूया.

अडचणी दोन आहेत. जावा बेटावरचं गामेलान लावलं आणि अर्ध्यावर बंद केलं, मला ते चक्क बेसूर वाटलं, एकही सूर जागेवर नाही. जॉर्जियाचं गाणं लावलं तर तिघं तीन वेगवेगळ्या गोष्टी गातायत असं वाटलं आणि दोन आवाज एकमेकांना घासतायत. दुसरी अडचण म्हणजे गाणं शिकवणाऱ्या आमच्या बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, आवाज लागायच्या दिवसांत कानात भलतंसलतं घालू नकोस.

तर प्रश्न असा की कान खरंच बिघडतो का? आणि अशी गाणी ऐकायची कशी, म्हणजे नेमकं कशाकडे लक्ष द्यायचं?

झब्बू
पहिला! गामेलान म्हणजे काय ते बघून येतो, तोवर जागा धरा.

तंबोराबाज
बाईंचं ऐका. आवाज लागायचं वय हेच, जगाचं संगीत ऐकायला पुढे आयुष्य पडलंय. आधी यमन येऊ दे. हल्लीच्या पोरांना सगळं एकदम पाहिजे असतं.

स्लो_कल्याण
तंबोराबाजकाका, यमन येईपर्यंत थांबायचं ठरवलं तर प्रोजेक्ट सबमिट होईस्तोवर व्हॉयेजर परत यायचं.

तंबोराबाज
ते परत येणार नाही. यमनही असा येत नाही.

आजीची_पेटी
भलतंसलतं कानात जाऊ नये म्हणता, मग पेटीचं काय? पेटी मूळची पॅरिसची, १८४० च्या दशकातली. सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडलेले, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा चढा असतो, कान असलेल्या कुणालाही कळेल इतका. या असल्याच कारणांनी १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत. आणि त्या सगळ्या काळात आमच्या नाट्यसंगीतात पायपेटी वाजतेच आहे, भजनात पेटी आहे, शाळेच्या प्रार्थनेला पेटी आहे. म्हणजे आपल्या सगळ्यांच्या कानात भलतंसलतं लहानपणीच जाऊन बसलेलं आहे, तरी गाणारे गातायत. तेव्हा फोंडेकरीण, ऐक बिनधास्त. फक्त रियाजाच्या आधी ऐकू नकोस, नंतर ऐक, आणि झोपायच्या आधी पाच मिनिटं नुसता तंबोरा लावून बस.

जकार्ता_रिटर्न
वा, शेवटी आमच्या कामाचा धागा. कंपनीच्या कामासाठी इंडोनेशियात बरीच वर्षं काढली, त्यातली काही जोगजाला (योग्यकर्ता), तिथे शेजारच्या गल्लीत एका घरी गामेलानचा सराव चालायचा. पहिले काही महिने मलाही तसंच वाटायचं जसं तुला वाटतंय, भांडी पडतायत. मग एका म्हाताऱ्या वादकाने मला एक मोठी लोखंडी पट्ट्यांची चौकी दिली आणि म्हणाला वाजव, बोलू नको. तिथून पुढे ऐकू यायला लागलं.

काही गोष्टी सांगतो. गामेलान हे एक वाद्य नाही, अख्खा संच आहे, कांस्याचे गाँग, पट्ट्या, दोन तोंडांचा ढोल, एक रबाब, गाणाऱ्या बाया आणि पुरुष. हा संच एकत्र ओतला जातो आणि एकत्रच सुरात लावला जातो. एका संचातली पट्टी उचलून दुसऱ्या संचात ठेवली तर ती तिथे बेसूर होते. असं जगात कुठेही ठरलेलं 'काळी एक' वगैरे तिथे नाही, प्रत्येक संचाचा स्वतःचा सूर, म्हणून मोठ्या संचांना नावंसुद्धा असतात, 'क्याई अमुक' अशी, आदराने. वाद्यावरून ओलांडून जायचं नाही, चपला बाहेर काढायच्या, मोठ्या गाँगला फुलं-उदबत्ती, हे सगळं आपल्यासारखंच.

सूर लावायच्या दोन पद्धती, पाच सुरांची स्लेन्द्रो आणि सात सुरांची पेलोग. तुझ्या तबकडीवरची पुष्पवर्णा ही रचना स्लेन्द्रोमधली आहे. नाव वाचून कळलंच असेल, फुलांचे प्रकार. राजपुत्राच्या आगमनाला वाजवायची रचना.

आता ऐकायचं कसं. सुराकडे बघूच नको. आधी मोठ्या गाँगची वाट बघ. पुष्पवर्णा ज्या साच्यात आहे त्याला कतावांग म्हणतात, त्यात दर सोळा मात्रांनी गाँग येतो. सोळा! तुला तीनताल पाठ आहे ना, मग हातावर मोजायला लाग. फरक एवढाच की आपण समेला एक म्हणतो, ते गाँगला सोळा म्हणतात. त्यांच्याकडे वजन शेवटाला. आठव्यावर आणि सोळाव्यावर कनोंग नावाचं उभट भांडं वाजतं, बाराव्यावर टांगलेला छोटा गाँग. तेवढं सापडलं की बाकीच्याला जागा मिळते.

झब्बू
बघून आलो. भांडी पडतायत हे बरोबर आहे पण फार महागाची भांडी आहेत.

मापात_गाणं
जकार्ता_रिटर्न यांनी सूर बाजूला ठेवायला सांगितलं पण मूळ प्रश्न सुराचाच आहे म्हणून थोडं गणित मांडतो, धागाकर्ती फिजिक्सची आहे, चालेल.

सप्तकाचे १२०० सेंट धरा (सेंट म्हणजे सुरांमधलं अंतर मोजायचं माप). स्लेन्द्रोत सप्तकाचे ढोबळमानाने पाच जवळपास सारखे भाग, म्हणजे एकेक २४० च्या आसपास (नेमके सारखे नसतात, संचागणिक बदलतात, वर आलंच आहे). आता आपला भूप घ्या. सा, रे २०४, ग ३८६, प ७०२, ध ९०६. स्लेन्द्रो सा, २४०, ४८०, ७२०, ९६०. तुमचा कान पाच सूर ऐकले की भूप शोधायला जातो, आणि गंधाराची जागा रिकामी सापडते, तिथे काहीच नाही, म्हणून बेसूर. पण भूप सोडा आणि सा रे म प कोमल नी घ्या. मध्यम ४९८, पंचम ७०२, कोमल नी ९९६. आता ४८० म्हणजे जरा उतरलेला मध्यम, ७२० जरा चढा पंचम, ९६० उतरलेला कोमल नी आणि २४० चढा रिषभ. म्हणजे मेघ किंवा मध्यमाद सारंग रागाच्या घरात जवळपास पोचलात. मेघ मनात धरून ऐकून बघा, निम्मा त्रास जाईल.

तंबोराबाज
उतरा मध्यम, चढा पंचम, चढा रिषभ. यालाच आमच्यात बेसूर म्हणतात. आकडे घातले म्हणून ते सुरात येत नाही.

मापात_गाणं
काका, दरबारीचा गंधार कुठे असतो ते सांगा बरं. आकड्यात नको, गाऊन सांगा. तुमच्या गुरूंचा आणि शेजारच्या घराण्याचा एकाच जागी असतो का?

तंबोराबाज
तो गंधार आंदोलित आहे. तो जागेवर उभा नसतोच. ती गोष्ट वेगळी.

मापात_गाणं
वेगळी आहेच. पण पेटीवाल्याला विचारलंत तर तोही तुम्हाला बेसूर म्हणेल.

आजीची_पेटी
मला मधे ओढू नका :)

बॉस्फरसकाठी
नवऱ्याच्या नोकरीमुळे इस्तंबूलला आहे, इथे दर शनिवारी ऊद (इकडचं तंतुवाद्य) शिकायला जाते. या सुरांच्या जागांवरून इकडे रोज वाद असतो त्यामुळे वाचून फार गंमत वाटली.

तुर्की पद्धतीत एका पूर्ण सुराचे नऊ बारीक तुकडे करतात, कोमा म्हणतात, आणि सप्तकात असे ५३. शिकवणारे सर 'एक कोमा खाली' असं म्हणतात आणि ते खरंच तिथे असतं, डाव्या हाताचं बोट केसभर सरकवायचं. उदावर पडदे नसतात त्यामुळे सगळं कानावर. रास्त नावाचा मकाम आहे (मकाम म्हणजे आपल्या रागासारखं), आपल्या बिलावलच्या घरातला म्हणा हवं तर, त्याचा गंधार इथे पेटीपेक्षा थोडा उतरा, आणि कैरोचे लोक तोच रास्त वाजवतात तेव्हा आणखी उतरा, इतका की कोमल आणि शुद्धच्या बरोबर मधे. दोघंही एकमेकांना नावं ठेवतात. १९३२ साली कैरोला मोठी परिषद भरली होती अरबी संगीताची, युरोपातून संगीतकार बार्टोकसारखे लोक आले होते, सप्तकाचे २४ सारखे भाग करून प्रश्न मिटवायचा विचारही झाला. प्रश्न काही मिटला नाही, अजून भांडतायत.

आणि शिकवायची पद्धत. सर गुडघ्यावर दोन्ही हातांनी ताल मारत ओळ म्हणतात, आपण तसंच गुडघ्यावर मारत म्हणायची, पाठ होईपर्यंत. नोटेशनचं पुस्तक समोर असतं पण ते उघडलं की सर खोकतात. पहिल्या दिवशी मला आमच्या डोंबिवलीच्या क्लासची आठवण आली.

फोंडेकरीण, तुझ्या यादीत अझरबैजानचं मुघम आहे ना, ते नक्की ऐक. गामेलानपेक्षा तुला ते लवकर जवळचं वाटेल, आलापीसारखं हळूहळू वर चढत जातं.

ढोलकीवाला
बल्गेरियाच्या गाण्याबद्दल कुणी बोललं नाही अजून?? त्या वाल्या बाल्कान्स्का बाईंचा आवाज ऐका राव. डोंगरावरून हाक मारल्यासारखा सरळ, काही लपवाछपवी नाही. मागे दोन गायडा आहेत, कातडी पिशवीची वाद्यं, एक सूर सतत धरून ठेवतात. हा आपला षड्जच की. त्यात ताल शोधत बसू नका, ते गाणं मोकळं आहे.

ताल पाहिजे तर त्यांची नाचाची गाणी ऐका. राचेनित्सा म्हणून प्रकार आहे, सात मात्रा, २+२+३. आपला रूपक ३+२+२. मी एकदा कोल्हापुरात बैठकीत राचेनित्सावर ढोलकी धरली, पहिल्या आवर्तनाला हात आपोआप रूपकाकडे जायला लागला, लंगडी घालताना पाय बदलल्यागत. अकराचाही आहे, २+२+३+२+२. तिथली आजीबाई त्याच्यावर नाचते आणि आमच्याकडे अकरा मात्रा म्हटलं की लोक टाळी द्यायची सोडून मोजायला बसतात.

स्लो_कल्याण
पाच मिनिटं झाली, मी अकरावर टाळी देतोय, शेजारच्यांनी बेल वाजवली.

सालसेतकर
फोंडेकरीण बाय, तुझ्याच गोव्यातला, पण नदीच्या पलीकडचा. जॉर्जियाच्या गाण्याबद्दल माझ्याकडून ऐक.

आमच्या गावात लहानपणी दर रविवारी चर्चच्या क्वायरमधे उभं केलं जायचं. मला दुसरा आवाज दिला, म्हणजे मुख्य चालीच्या खालचा. पहिल्यांदा सगळ्या पोरांचं तेच होतं, शेजारचा गातो तिकडे आपला आवाज घसरतो. मेस्तने, म्हणजे क्वायर शिकवणाऱ्या मास्तरने सांगितलं, दुसऱ्याकडे कान बंद करू नको, तो ऐकत ऐकत आपलं धर. दोन-तीन महिन्यांत जमायला लागतं आणि मग एकट्याने गायलं की अर्धवट वाटतं. आमचा मांडो, म्हणजे गोव्याचं कोंकणी गाणं, तोही तसाच, दोन आवाज जोडीने चालतात, व्हायोलिन, आणि खाली घुमट, म्हणजे मातीच्या मडक्याचं तालवाद्य. (घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, आता कायद्याने बंद, बकऱ्याचं लावतात. आवाजात फरक पडतो, पण घोरपडीला बरं.)

तर जॉर्जियाचं ते चाक्रुलो. कखेती भागातलं, जेवणाच्या टेबलावर पुरुष गातात. खाली सगळे मिळून एक लांब सूर धरतात आणि त्याच्यावर दोघं जण आळीपाळीने आणि एकत्र फिरतात. तू तीन गोष्टी एकदम ऐकायला जातेस म्हणून गोंधळ होतो. एकदा लावून फक्त खालचा सूर ऐक, त्याच्याबरोबर सा धर, तोंडाने. दुसऱ्यांदा वरच्या एकाच्या मागे जा. ते जे घासतायत म्हणालीस ना, ते मुद्दाम आहे. दोन सूर अगदी जवळ आणून उभे करायचे आणि मग सोडवायचे, त्यातच सगळी मजा. आपल्याकडे एकटा गवई काळाच्या ओघात जे करतो, आधी निषादावर थांबून ताटकळत ठेवतो आणि मग सा देतो, ते हे तिघं एकाच क्षणी उभं करतात.

फोंडेकरीण
अरे बापरे, एवढी उत्तरं! सगळ्यांना थँक्यू.

सालसेतकर दादा, खालचा सूर धरून बघितलं. पहिल्यांदा मी त्यांच्या वरच्या आवाजाबरोबर वाहून गेले, पण नंतर धरला. रूममेट म्हणाली तू लग्नाच्या वरातीत का गातेयस.

मापात_गाणं, मेघ धरून गामेलान ऐकलं. निम्मा नाही पण थोडा त्रास गेला. आता उलटंच होतंय, मला मेघ ऐकू येतो आणि मग अचानक ते त्यातून निसटतात.

मापात_गाणं
निसटतात तिथेच तुझा प्रोजेक्ट आहे. आणि बाली बेटावरचंही ऐक, तिथे दोन वाद्यांच्या जोड्या मुद्दाम किंचित वेगळ्या लावतात. एक थोडं उतरं, एक थोडं चढं. फिजिक्समधे बीट्स शिकलीस ना? एक पट्टी ४४० ची आणि जोडीदार ४४६ ची, तर सेकंदाला सहा वेळा आवाज थरथरणार. तो थरथराट म्हणजेच जिवंत सूर असं ते मानतात. दोन्ही नेमक्या एका जागी लावल्या तर त्यांना तो सूर मेलेला वाटतो.

मिरजेचा_मुक्काम
ह्या थरथराटावरून आठवलं म्हणून सांगतो बघा. आमच्या मिरजेत तंबोरे बनतात हे सगळ्यांना माहीत हाय, २०२४ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं सतार-तंबोऱ्याला. भोपळा पंढरपूरकडनं येतो. पण तंबोऱ्याचं खरं काम म्हणजे जवारी. घोडीचा वरचा भाग असा घासायचा की तार सुटली की घोडीला हलकेच चाटत गेली पायजे, आणि मधे एक दोरा सरकवून जागा लावायची. तेव्हा तो झंकार येतो. साफ, कोरी तार कुणाला नको असते, गवई लगेच म्हणतो आवाज बंद हाय.

मागं एक गोरा विद्यार्थी आमच्याकडे आलेला, त्याच्याकडे झिंबाब्वेचं म्बिरा होतं, लाकडाच्या फळीवर लोखंडी पट्ट्या, अंगठ्यांनी वाजवायच्या. फळीवर बाटल्यांची झाकणं ठोकलेली, खुळखुळतात. पूर्वी शंख-शिंपले लावायचे म्हणे. मी म्हणलं हे काढून टाकू का, आवाज खरखरतोय. तो हसला आणि म्हणला तुमचा तंबोरापण खरखरतोयच की, तुम्ही दोरा घालून खरखर आणता, ते झाकण लावून. तिथले शोना लोक पूर्वजांना बोलवायच्या रात्री हे वाजवतात, खरखर नसली तर पूर्वज ऐकत नाहीत म्हणे. आमच्यात गवई ऐकत नाही, एवढाच फरक.

झब्बू
या धाग्यावर पहिल्यांदा मला काहीतरी कळलं. मिरजवाले, जिंकलात.

कुंपणावर
सगळं छान चाललंय पण मला या प्रोजेक्टच्या मुळाशीच आक्षेप आहे. ती २७ तुकड्यांची यादी म्हणजे अमेरिकेत बसलेल्या मोजक्या लोकांनी घाईघाईत केलेली निवड. बाख तीनदा, बीथोवन दोनदा, अख्ख्या भारताला एक जागा, आफ्रिका खंडाला दोन. ही 'जगातल्या परंपरा' कशी झाली? वर तीन-तीन मिनिटांचे तुकडे. थाळीत पंचवीस वाट्या, प्रत्येकीत एकच घास. उद्या एखादा जर्मन मुलगा साडेतीन मिनिटांची भैरवी ऐकून म्हणाला मला जयपूर घराणं समजलं, तर इथले सगळे त्याच्यावर तुटून पडतील. तंबोराबाज तर पहिले.

तंबोराबाज
पहिला.

स्लो_कल्याण
अहो पण त्या जर्मन मुलाने ती भैरवी ऐकलीच नसती तर पुढचं काहीच झालं नसतं. कुठून तरी दार उघडावं लागतं ना. माझं उघडलं ते अमेरिकेतल्या ब्लाइंड विली जॉन्सनमुळे, तो याच तबकडीवर आहे, १९२७ ची रेकॉर्ड. गाण्याला शब्दच नाहीत, नुसतं गुणगुणणं आणि तारेवर काहीतरी सरकवत गिटार. मींड आहे हो ती, एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, दुसरं काही नाही. तिथून मी ब्लूज ऐकत सुटलो, अजून सुटलोय.

तंबोराबाज
ते ऐकलं. मींड आहे. मान्य.

कुंपणावर
स्लो_कल्याण, म्हणजे तुम्ही माझंच म्हणताय. तुम्ही २७ ऐकून सोडून दिली नाहीत, एकामागे लागलात.

बॉस्फरसकाठी
कुंपणावर यांच्याशी सहमत. इथे येणारे बरेच लोक 'तुर्की संगीत' बघायला एक संध्याकाळ गिरक्या घेणाऱ्या दरवेशांच्या कार्यक्रमाला जातात, फोटो काढतात, झालं. ऊद हातात घेऊन बोटं दुखायला लागल्यावर मला पहिल्यांदा कळलं की रास्त म्हणजे काय भानगड आहे. फोंडेकरीण, २७ ऐक, पण एक निवड, आणि ते ऐकू नकोस, गा. किंवा वाजव.

आजीची_पेटी
विषयांतर: त्याच तबकडीवर ५५ भाषांमधले निरोप आहेत आणि त्यात मराठीही आहे हे माहीत आहे का कुणाला? 'नमस्कार' पासून सुरुवात, पृथ्वीवरचे लोक शुभविचार पाठवतात अशा अर्थाचा. मी नातवाला ऐकवला तर तो म्हणाला आजी, एलियनला मराठी येतं का.

झब्बू
पुण्यात राहिला तर शिकेल, दुपारी एक ते चार सोडून.

संपादक
पुणे विरुद्ध बाकी जग या विषयावरचे चार प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळे धागे आहेत, भरपूर आहेत. संगीतावर या.

फोंडेकरीण
कुंपणावर, तुमचा मुद्दा सरांनाही सांगितला. ते म्हणाले मग निवडच प्रोजेक्टचा भाग कर, कुणी काय निवडलं ते लिही. म्हणून शोधलं, तर एक भारी गोष्ट सापडली. रॉबर्ट ब्राउन नावाचे अमेरिकन संगीत-अभ्यासक होते, केसरबाईंचं नाव त्यांनी सुचवलं होतं. आणि पुष्पवर्णाचं रेकॉर्डिंग त्यांनी स्वतः जोगजाच्या पाकुआलामान राजवाड्यात केलेलं होतं. म्हणजे एकाच माणसाच्या कानाने या दोन गोष्टी तिकडे गेल्या! त्याला दोन्ही सुरेल वाटत होत्या. आणि केसरबाईंनी रेकॉर्डिंग फार मोजकी केली, त्यातलं हे तिकडे पोचलं. यानं ऑगस्ट-सप्टेंबर १९७७ ला उडाली आणि त्याच सप्टेंबरमधे केसरबाई गेल्या.

तर ठरलं, २७ वर एकेक पान आणि बाकी सगळा प्रोजेक्ट या दोनवर. बाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या बरं, पण भैरवी आधी माझ्यासमोर म्हणून दाखव.

आता जकार्ता_रिटर्न काकांना प्रश्न. सोळा मोजायला बसले. सुरुवातीला बरोबर येतं, गाँगवर बरोबर सोळा. मग मधेच सगळं अचानक हळू होतं पण वरची बारीक वाद्यं उलट जास्तच वाजवायला लागतात आणि माझी मोजणी वाहून जाते. तिथे नेमकं काय होतं?

जकार्ता_रिटर्न
शाब्बास, बरोबर जागी अडकलीस. त्याला इरामा म्हणतात. सारोन नावाची पट्ट्यांची वाद्यं मुख्य सांगाडा वाजवतात, तुझी मात्रा म्हणजे त्यांचा ठोका. ढोलवाला लय सोडत नेतो आणि सांगाडा जवळपास अर्ध्या गतीवर येतो. मात्रा लांब झाली की मधे जागा मोकळी होते, ती बारीक वाद्यं दुप्पट स्वरांनी भरतात. आणखी सोडली की चौपट. त्यामुळे सांगाडा हळू आणि वरचं काम तेवढंच चपळ. आपल्याकडे विलंबित ख्यालात तबलजी ठेका ताणतो आणि मधे भरीव बोल घालतो ना, त्याच्या जवळपास, फक्त इथे अख्खा संच मिळून करतो.

तेव्हा तू बारीक वाद्यांकडे जाऊ नको, सारोनचा ठोका धर आणि धीर धर. आणि गाणारी बाई, सिंदेन म्हणतात तिला, ती मात्रेवर येणार नाही, मुद्दाम मागून येते. तिच्या नादाने मोजलंस तर पुन्हा वाहून जाशील.

ढोलकीवाला
म्हणजे ढोलवाल्याच्या हातात सगळं आहे. हे आम्ही कधीपासून सांगतोय.

तंबोराबाज
एक शंका. गाँग सोळाव्यावर, आवर्तनाच्या शेवटी. मग पहिलं आवर्तन सुरू कुठून होतं? मुखडा कुठून उचलतात?

जकार्ता_रिटर्न
काका, मुखडा नसतो. सुरुवातीला एक छोटी ओळ असते, बुका म्हणतात, बऱ्याचदा रबाबवाला एकटा वाजवतो. मधेच ढोल येऊन मिळतो, आणि सगळे मिळून पहिल्या गाँगवर येऊन पडतात. आवर्तन तिथून पुढे मोजायचं.

तंबोराबाज
म्हणजे उठान. समेवर येऊन पडायचं आणि मग सुरू. हे पहिल्याच प्रतिसादात सांगायला काय झालं होतं? लिंक द्या.

फोंडेकरीण
काका, व्यक्तिगत निरोपात पाठवलीय. बुका पहिल्या काही सेकंदांतच आहे, इयरफोन लावून ऐका, नाहीतर गाँगचा खालचा आवाज मोबाईलवर येतच नाही.